फुकटच्या सर्व्हरवर एक छायाचित्र

फुकटचा सर्व्हर पुरेसा आहे की नाही, याचा निवाडा एका मंडळात कसा झाला, ते येथे यथामती निवेदन करीत आहे.

वधूवर मंडळाचे संकेतस्थळ तुटपुंज्या मेमरीच्या फुकट सर्व्हरवर चाले. छायाचित्रांच्या भाराने तो वारंवार कोसळे. म्हणून संकेतस्थळ सांभाळणाऱ्या कुमुदने सगळी छायाचित्रे काढून केवळ माहिती ठेवली. तिचेही स्थळ त्यात नोंदलेले होते; चेहऱ्यावरचे पांढरे कोड पाहून आजवर तिला सर्वांनी नाकारले होते. आता मात्र केवळ माहिती वाचून एक शिक्षक तिला रोज संदेश धाडी.

"कुमुदताई, एक देणगीदार मोठा सर्व्हर घेऊन देतोय," अध्यक्ष म्हणाले. "हा फुकटचा पुरतो का, तुम्हीच सांगा."

"फोटोविना स्थळ म्हणजे मिठाविना आमटी!" खजिनदार हसले.

'पुरतो' म्हटले असते, तर तिचा चेहरा झाकलेलाच राहिला असता. परंतु तपासणीत दिसले तेच तिने सांगितले, "नाही पुरत, काका. मोठा घ्या."

घरी जाऊन तिने त्याच दुबळ्या सर्व्हरवर एकच छायाचित्र चढवले, स्वतःचे, आणि शिक्षकाला कळवले. सर्व्हरने तो भार सोसला.

थोड्या वेळाने उत्तर आले, "फोटो पाहिला. रविवारी आईला घेऊन येऊ का?"

आपण वाचलेत, उपकृत झालो.
– यशवंत धोंडिबा खरमाटे