सासऱ्याचा पाना

नर्सबाईंची गाडी तिसऱ्यांदा परत आली. मिस्त्रीनं पुढच्या मडगार्डवर दोन्ही हात ठेवून गाडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. कर्र. डाव्या चाकाच्या आतून, गंजलेलं दार उघडावं तसा आवाज.

मिस्त्रीचं डोकंच फिरलं. चाक धरणारा आर्म नवा, बॉलजॉइंट नवा, आर्मच्या बुडाचं रबर नवं. झिजलेलं जे जे होतं ते सगळं बदललं होतं, आणि बदललं होतं जावयानं.

"जुन्या सामानावर नुसती खडखडायची," नर्सबाई म्हणाल्या. "आता रडते. पेशंटच्या दारात गाडी थांबली की घरातली माणसं बाहेर डोकावतात."

मिस्त्री जावयाला काही बोलला नाही. जावयाला बोलता येतं होय? कारखान्यातली नोकरी सोडून तो गॅरेजमध्ये आला, तो सासऱ्याचे गुडघे गेले म्हणून. त्याला अहो-जाहो करायचं आणि राग आला की पान्याला शिव्या द्यायच्या, हा मिस्त्रीचा दोन वर्षांचा शिरस्ता होता. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथे पान्याला बोलायचं आणि ते जावयाला लागायचं.

"आंधळ्या, एक नट धड आवळता येत नाही तुला," तो आताही हातातल्या एकोणीस नंबरच्या पान्यावर ओरडला.

जावयाचे कान लाल झाले. त्यानं सासऱ्याच्या हातून पाना घेतला, गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं आणि अर्धा तास गाडीखाली पडून राहिला. मग बाहेर आला, हात धुतले आणि मागच्या गल्लीतल्या घरी जेवायला निघून गेला. पाना तिथेच, गाडीखाली.

तो गल्लीत वळला तसा मिस्त्रीच्या तोंडाचा बांध फुटला. उघडी गाडी टाकून हा माणूस जेवायला जातो, असं तो नर्सबाईंना सांगू लागला. तीस वर्षांत कमावलेलं नाव ह्यानं दोन वर्षांत मातीत घातलं. आज संध्याकाळीच मुलीला सांगणार होता, नवऱ्याला परत कारखान्यात पाठव, मी एकटा बघून घेईन. नर्सबाईंना पुढच्या पेशंटकडे उशीर होत होता. त्या मांडीवर बॅग घेऊन स्टुलावर बसून होत्या.

मिस्त्री कण्हत गाडीखाली सरकला. आर्मच्या बुडाचा नट अंधारात अंगठ्यानं चाचपून पाना लावला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नट ढिला. प्रत्येक वेळी हेच. दोन वर्षं जावई जेवायला गेला की तो त्याचं काम तपासायचा. एखादा नट ढिला सापडला की गुपचूप आवळायचा आणि कुणाला सांगायचा नाही, अगदी मुलीलासुद्धा नाही. हा आपला मोठेपणा आहे असं त्याला वाटायचं. आज मात्र त्यानं नर्सबाईंना हाक मारली, वाकून बघायला लावलं आणि त्यांच्या देखत दंड थरथरेपर्यंत नट आवळला.

जावई परत आला. बॅटरी पेटवून गाडीखाली वाकला आणि तो नट निरखू लागला. उठला तेव्हा त्याचा जबडा घट्ट मिटला होता. त्यानं चाक बसवलं, गाडी जॅकवरून उतरवली, ढकलत गाडीखाली उभं राहून काम करायच्या खड्ड्यावर नेली आणि खड्ड्यात उतरून तोच नट सोडला. कर्र. एकदाच, मोठ्यानं. मग गाडीचं सगळं वजन चाकांवर असताना त्यानं तो पुन्हा आवळला आणि वर येऊन नर्सबाईंना गाडी दाबायला सांगितलं.

त्यांनी तीनदा दाबली. गाडी मुकाट खालीवर झाली.

जावयानं जे सांगितलं ते नर्सबाईंनाच सांगितलं. चाक लोंबत असताना नट आवळला की रबर तसंच पकडलं जातं. गाडी खाली उतरली की त्याला असा पीळ बसतो, म्हणत त्यानं हातातलं ओलं फडकं पिळून दाखवलं. तेच मग कुरकुरतं. म्हणून हा नट आधी ढिलाच सोडायचा आणि गाडी चाकांवर उभी राहिली की आवळायचा.

"तीनदा ढिला सोडून गेलो. तीनदा गाडी उतरवून आवळायला गेलो तर घट्ट. मला वाटलं मीच आवळतो आणि विसरतो. बायकोला विचारलं, माझं डोकं ठिकाणावर आहे ना? म्हणून आज नटाला ओला पिवळा रंग लावून गेलो."

आमच्या वेळच्या गाड्यांना तिथे रबर नव्हतं, लोखंडाला लोखंड आणि वर ग्रीस, केव्हाही आवळा, असं मिस्त्रीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याचा उजवा अंगठा नखापर्यंत पिवळा झाला होता आणि नर्सबाई त्या अंगठ्याकडे बघत होत्या.

जावयानं तिकडे पाहिलं नाही. त्यानं पाना उचलला. पान्याच्या तोंडालाही पिवळं लागलं होतं. ते फडक्यानं पुसत तो पान्याशीच बोलला, पण आवाज रागानं कापत होता.

"काय रे, मी जेवायला गेलो की तुला कोण उठवतं?"

मिस्त्रीला जावयाचा राग आला, त्या बाईचा आला, रबराचा आला, आणि एकही राग धड टिकेना.

"जावईबापू, त्याला काय विचारता?" तो ओरडला. "मला विचारा."