जाखाचा पट्टा

नाबूनं रिकाम्या पोत्याला अडकलेला पट्टा ओढून काढला आणि तिचा हात तिथंच थांबला. काळ्या सुतावर लाल नक्षी, आणि मधेच एक लाल धागा उलटा विणलेला. ती चूक तिचीच होती. विणता विणता दिवा विझला होता, आणि सकाळी उसवायला घेतलं तर पोरानं उसवू दिलं नव्हतं. राहू दे की आई, हरवला तर ओळखू तरी येईल, म्हणून हसला होता.

हरवला मात्र तोच. चार वर्षांपूर्वी जाखा सीमेवरच्या डोंगरात ओझी वाहायला गेला. कसली ओझी, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. डोंगरातल्या लाहू जमातीच्या पोराला तिथं दुसरं काम देतंय कोण? जाताना तिनं फक्त पट्टा छातीवर कसा बांधायचा ते पुन्हा एकदा दाखवलं. लाकडं वाहणाऱ्या पोरांना लाहू आया लहानपणीच शिकवतात ती ओढगाठ. पाय घसरला, अस्वल आडवं आलं, तर लोंबतं टोक ओढायचं. ओझं दरीत आणि आपण वर. लाकडं पुन्हा तोडता येतात, ती म्हणायची.

वाट पाहून डोळे शिणले तेव्हा नाबू गाव सोडून खाली सपाटीवर आली आणि या भट्टीवर झाडलोटीचं काम धरलं. उत्तरेत पकडलेला नशेच्या गोळ्यांचा माल शेवटी इथंच जळायला येतो, असं तिच्या कानावर आलं होतं. खटला निकाली लागेपर्यंत तो गोदामात पडून असतो, म्हणून येतो तो नेहमी जुनाच. कधीतरी जाखाचं ओझं येईल, काहीतरी कळेल, एवढ्या आशेवर ती झाडू मारत होती. बाकीच्या बायका चिडवायच्या. लोक देवळात नवस बोलतात, ही भट्टीपुढं बोलते.

पण आशाही दमते. गावाकडं तिचा भाऊ जाखाच्या विधीसाठी एक डुक्कर पोसत होता. मेल्यामागचे विधी झाले नाहीत तर जीव घराभोवती घुटमळत राहतो, असं गावातले म्हातारे सारखे म्हणत. भाऊ फोनवर विचारायचा, ताई, कापू का? नाबू म्हणायची, थांब. गेल्या आठवड्यात मात्र तिच्या तोंडून हो गेलं. उद्याचा दिवस ठरला होता.

आज भट्टीवर बड्या साहेबांची वर्दळ होती. पांढऱ्या कोटातल्या मुलींनी मधलंच एखादं पुडकं फोडलं, गोळी कुस्करून वर औषधाचा थेंब टाकला, आणि रंग बदलला तशा सगळ्यांनी माना डोलावल्या. शेडभर व्हॅनिलाचा वास सुटला. घरंच्या घरं उठवणारा माल, पण वास वाढदिवसाच्या केकचा. फोटो निघाले, पुडकी आगीत गेली, साहेब जेवायला गेले. मागं राहिलेली पोती, दोऱ्या, पट्टे भट्टीत लोटायचं काम नाबूचं. जप्त झालेलं सगळंच जळलं पाहिजे, असा नियम आहे.

मालाबरोबर उत्तरेहून हवालदार वीरापोन आला होता. त्यानं सकाळीच सांगितलं होतं की हा डोंगरातल्या चकमकीचा माल. कुणी जिवंत हाती लागलं नाही. तिनं पट्टे असे तुटके का म्हणून विचारलं, तर म्हणाला, मेलेल्याच्या छातीवरची गाठ कोण सोडवत बसणार, सैनिक सरळ सुरी चालवतात.

आता तिच्या हातातला पट्टा बघून तो जवळ आला.

"मावशी, तुमच्याकडचीच नक्षी ना ही? ओळखीच्या कुणाचा असेल तर सांगा. साहेबांना विचारून एवढी चिंधी देतो तुम्हाला. मेलेल्यावर कुठं खटला चालतो?"

माणूस भला होता. तो पट्टा नाबूला हवा होता. उशाशी घ्यायला, नाकाशी धरायला, उद्याच्या विधीत पोराच्या जागी ठेवायला. माझ्या जाखाचा आहे, हे शब्द अगदी ओठांवर आले. तोवर पट्टा गोळा करत तिची बोटं टोकापाशी पोचली.

टोक अखंड होतं. तिनं दुसरं चाचपलं. तेही अखंड. सुरी कुठं लागलीच नव्हती. गाठीच्या जागी सूत पिळवटून चपटं झालं होतं, जिवाच्या आकांतानं एकच हिसका दिल्यावर होतं तसं. ओझं टाकून पळालेल्याला ना मालाचे मालक सोडतात, ना पोलीस. असा माणूस घरी कसा येईल?

"नाही साहेब," नाबू म्हणाली. "आमच्याकडं असले पट्टे घरोघरी विणतात."

"मग एवढं निरखून काय बघताय?"

"वीण चुकलीय. कुणा वेंधळ्या बाईचं काम दिसतंय."

वीरापोन हसला आणि निघून गेला. नाबूनं पट्टा एकदा गालाला लावला. त्याला गोदामाचा वास येत होता, पोराचा नाही. मग तिनं तो स्वतःच्या हातानं आगीत टाकला आणि त्याचा शेवटचा धागा जळेपर्यंत तिथून हलली नाही.

बाहेर येऊन तिनं गावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, ताई, सगळी तयारी झालीय, डुक्कर खुंट्याला बांधलंय, उजाडलं की कापतो.

"सोड त्याला," नाबू म्हणाली. "खाऊ घाल चांगलं. जाखा येईल तेव्हा कापू."