शोभेची बटणं

बाबा गेल्यापासून त्यांची कीर्तनं कॅसेटवरून उतरवून काढते, त्यातच माझा आनंद. फक्त शेवटच्या कीर्तनाचा शेवट पुसला गेलाय. तो कुणालाच आठवत नाही.

बाबांच्या लॅपटॉपची बटणं आपोआप भलतीच अक्षरं उमटवू लागली, तेव्हा दुरुस्तीवाल्याने आतली वायर उपटून माझ्या हातावर ठेवली. "ताई, ही बटणं आता नुसती शोभेची. बाहेरचा कीबोर्ड लावा नि निवांत लिहा."

आज दुपारी कॅसेट त्या पुसलेल्या जागी आली, तशी शोभेची बटणं एकेक करून दबू लागली. पडद्यावर उमटलं, "चिमणे, झोपलीस?"

लहानपणी कीर्तनात मला डुलकी लागली की बाबा असंच विचारायचे.

"नाही, बाबा."

"मग शेवट तू म्हण."

कधीच न ऐकलेला शेवट मी गाऊ लागले, आणि बटणांनी ठेका धरला.