डावा अंगठा

पात्यावर, मुठीपासून बारा सेंटिमीटरवर, गंजाचा एक लंबगोल डाग होता. भिंगातून पाहिलं की त्यात रेषा दिसत. मार्चमध्ये सतरा मोजता आल्या होत्या. आज नऊ. बेल वाजली तेव्हा वासंतीने भिंग ड्रॉवरमध्ये ठेवलं.

तलवार जेवणाच्या टेबलावर आडवी होती. पाचशे वर्षांपूर्वीच्या स्कॉटिश तलवारीची नक्कल, धार नसलेली. एडिंबराच्या प्रोजेक्टवरून परतताना तिच्या मुलाने, अभिनवने, हौसेने आणलेली.

अभिनवबरोबर उत्कर्षा आली. जुन्या लढायांचे खेळ करणाऱ्या त्याच्या ग्रुपमधली. दोघांनी रबरी हातमोजे चढवले.

"गंज काढणं दोन मिनिटांचं काम आहे, काकू. पण यानं तीनदा बोलावून नुसता चहा पाजून परत पाठवलंय."

"तेल लावून ठेवलं तर?" वासंतीने विचारलं.

"गंज आतून खातच राहणार. अजून एक पावसाळा, मग ठसा नाही आणि पातंही नाही."

गेल्या खंडेनवमीला अभिनवच्या बाबांनी याच टेबलावर तलवारीला हळद-कुंकू लावलं होतं. "उघड्या हातानं शिवू नका, किती वेळा सांगायचं?" अभिनव ओरडला होता. "शस्त्र आहे की शोपीस, ते एकदा ठरव," एवढंच बाबा म्हणाले. अभिनवने कुंकू तिथल्या तिथे पुसून टाकलं. दोघांचं बोलणं तिथेच थांबलं. आठव्या दिवशी बाबा झोपेतच गेले.

कुंकू लावताना पातं हलू नये म्हणून बाबांनी ते डाव्या अंगठ्याने दाबून धरलं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. घामातलं मीठ लोखंडावर सावकाश काम करतं. तीन आठवडे लागले. तेराव्याची माणसं परत गेली, त्या संध्याकाळी ठसा दिसला.

"काढू ना?" उत्कर्षाने विचारलं.

"नऊ रेषा उरल्यात," वासंती म्हणाली.

"आठ," अभिनव म्हणाला.

वासंतीने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता.

"माझ्याकडे काय बघतोस? तलवार तुझी आहे."

"अंगठा बाबांचा आहे."

अभिनवने तलवार टेबलावर सरळ केली. मग तो म्हणाला, "आज खंडेनवमी ना? आधी हळद-कुंकू लाव."

वासंतीने करंडा आणला. बोट टेकताच पातं डुगडुगलं. अभिनवने डाव्या हातातला मोजा काढला आणि ठशाशेजारी अंगठा दाबून धरला.

"अरे, मोजा!" उत्कर्षा म्हणाली. "तीन आठवड्यांत इथेही—"

"माहीत आहे."

कुंकू लावून झालं. त्याने अंगठा उचलला नाही.

"बाबांचा काढ," तो म्हणाला. "माझा राहू दे."