दार उघडण्याआधी

“हलू नकोस गं,” म्हणत शीलानं रेवाच्या गालांवर पावडरचा आणखी एक हात फिरवला. मग सवयीनं तोच पफ स्वतःच्या गालांवरूनही फिरवला. रेवाचा पाय खुर्चीखाली सारखा हलत होता. आखातातल्या रुवीमधल्या एका हॉलवर मराठी मुलांची वेशभूषा स्पर्धा चालू होती. यंदाचा विषय होता संशोधक. रेवा नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत होती.

“आई, पुरे ना. प्लीज.”

“पुरे काय? तुझी बाई अमेरिकेची ना? मग तशी दिसायला नको?”

शेजारी आकांक्षा आपल्या साईला कापसाच्या मिशा चिकटवत होती. “मानेलाही लावा, शीलाताई,” ती हसत म्हणाली. “गेल्या वर्षी हिला झाड केलंत तेच बरं होतं. पानांत सगळं झाकलं गेलं.”

शीलाही हसली. तिनं मानेलाही पावडर लावली.

ही अमेरिकेची बाई रेवानं स्वतः निवडली होती. बाबा आठवडाभर सोहारच्या कारखान्यात असायचे. अल हैलच्या घरात दोघीच. संध्याकाळी बेल वाजली की आई आधी दाराशेजारच्या छोट्या पडद्यावर बाहेरचं माणूस बघायची, “कोण आहे?” विचारायची, मगच दार उघडायची. न्यूयॉर्कमधल्या एका नर्सलाही असंच घरी एकटं राहायची भीती वाटायची, म्हणून तिनं नवऱ्याच्या मदतीनं दारावरचा कॅमेरा आणि घरातला पडदा जोडला, हे रेवानं वाचलं. तिला ती बाई ओळखीची वाटली.

आईनं भाषण पाठ करून घेतलं. त्या बाईचा फोटो मात्र रेवानं तिला दाखवला नव्हता. दाखवला असता तर आईनं बाईच बदलायला लावली असती.

“आता येतेय रेवा,” आशुतोषकाकांनी माइकवरून पुकारलं.

रेवा उठली आणि स्टेजऐवजी बाथरूमकडे पळाली. आतून कडी लागली. नळ जोरात वाहू लागला.

शीला मागोमाग धावली. “रेवा, दार उघड. अगं, सगळं निघून जाईल.”

“कोण आहे?” आतून आवाज आला.

“कोण म्हणजे? मी, आई.”

दार उघडलं. रेवाच्या हनुवटीवरून पाणी टपकत होतं. तिनं खिशातला घडी घातलेला फोटो काढून आईपुढे धरला.

“ही मेरी ब्राउन. ती आपल्यासारखी होती, आई. मी अशीच जाऊ?”

फोटोतली काळी बाई सरळ शीलाकडे बघत होती. बाहेर रेवाचं नाव पुन्हा पुकारलं गेलं.

शीलानं पर्समधून रुमाल काढला. रेवानं ओला चेहरा पुढे केला.

पण शीलानं आधी स्वतःचे गाल पुसले.