मांडवात घेतलेली नावं

"आता घरातले गेलेले सांगा," राहीबाई म्हणाली आणि तिनं सुपातले तांदूळ मुठीत घेतले.

एक्याण्णव सालचा वैशाख. दिघाशीत लडकूच्या मुलीची, कमळची हळद. राहीबाई धवलारीण, लग्नाची गाणी तिची आणि मान भटजीच्याही आधी तिचा. देवांना बोलावून झालं होतं. आता गेलेल्यांची पाळी. ज्याचं नाव गाण्यात येतं तो लग्नाला येतो, त्याचं वेगळं पान मांडायचं. जिवंत माणसाचं नाव मात्र या गाण्यात चुकूनही घ्यायचं नाही.

बायका नावं पुरवत होत्या. आजा, आजी, मधली काकू.

"काकूला दोन पानं मांडा," लडकूची बायको मैना म्हणाली. "एका पानावर ती कधी उठली न्हाय."

मांडव हसला. मैनाचा भाऊ केसरीनाथ पॉवरलूमवरची शिफ्ट बुडवून आला होता. त्याला चेव आला.

"भावोजी, तुमच्या फौजेतलं कोन येनार का न्हाय? एवढी वर्षं ड्युटी केली, फोटो एक न्हाय. वर्दीतला सोडा, लुंगीतला पन न्हाय!"

"वर्दी घातली तर फोटो," मैना म्हणाली. "हा भिवंडीचं कापड पाठीवर घेऊन तिकडं सरहद्दीच्या डोंगरात इकत फिरायचा. फौजेत जाऊन फेरीवाला झाला!" पुन्हा हशा. "पन मानसं चांगली भेटली. पासांगदादा आन् डोल्मावैनी. त्यांच्याच घरात जेवायचा. सुट्टीला आला तवा वैनीनं कमळला लोकरीची टोपी धाडलेली. मी तिच्यासाठी लुगडं काढून ठेवलंय. कवाधरनं सांगतेय, पत्रिका धाड. धाडली का?"

लडकू खांबाला आंब्याची डहाळी बांधत होता. त्यानं गाठ मारली, हात पुसले आणि राहीबाईपुढे येऊन बसला.

"पासांग," तो म्हणाला. "आन् डोल्मा."

राहीबाईची मूठ तशीच राहिली. "लडकू, हे गेलेल्यांचं गानं हाय."

"ठावं हाय."

मागच्या बायका अजून काकूवरच हसत होत्या.

"कशानं गेले?" मैनानं विचारलं.

"साहेब बोलले, वर्दी उतरव, कापड इक, आन् कोनाकडं बंदूकवाले येतात ते कळव. मंग बोलले, पासांगचं घर दाखव. नुसतं इचारून सोडू. मी दाखवलं." लडकू उरलेली सुतळी बोटाला गुंडाळत होता. "दोघांना दारातच गोळ्या घातल्या. झडती घेतली, घरात काय पन नव्हतं. साहेबांनी मला बिल्ला दिला. आन् बोलले, कोनाला दाखवू नको."

केसरीनाथ खाली बघू लागला. राहीबाईला मात्र गाणं अडलेलं चालत नसे.

"नातं काय लावू?" तिनं विचारलं. "बिननात्याचं नाव गात न्हाईत."

मैनानं एकदा लडकूकडे बघितलं.

"माजा भाव," ती म्हणाली. "आन् भावजय."

राहीबाई गायली. पहिल्यांदा नावं चालीत बसली नाहीत. तिसऱ्या वेळी तिनं पासांगला असा घोळवला की बायकांनी आपसूक उचलला. तांदळाच्या दोन मुठी पडल्या.

दुपारी पंगत बसली. गेलेल्यांची पानं खांबापाशी, त्यात काकूची दोन. लडकू भात वाढायला निघाला तेव्हा मैनानं त्याला अडवलं.

"त्यांना पोरगी होती ना? कमळच्या वयाची?"

"हाय. त्या दिवशी मामाकडं होती."

मैनानं जिवंतांच्या पंगतीत कमळच्या शेजारी एक पान मांडलं. पाणी शिंपडून पुसलं. केसरीनाथ पाट ओढून तिथं टेकलाच.

"ऊठ रे! माजी भाची बसनार हाय तिथं."

"कोन भाची? कवा येनार?"

"तुजे भावोजी आनतील तवा."

केसरीनाथ पाटासकट सरकला. लडकू भाताचं पातेलं घेऊन त्या पानापुढे उभा राहिला.

"किती वाढू?"

"तूच जेवलास ना तिच्या घरात," मैना म्हणाली. "तिची आई तुला वाढायची तेवढं वाढ."