हुबेहूब

मेहुणा तापाने फणफणला म्हणून बायको डबा घेऊन माहेरी गेली, ती तिसऱ्या दिवशीही आली नव्हती. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान दाजी एकटेच रेटत होते. त्यात एक गिऱ्हाईक बंद पडलेलं मशीन घेऊन डोक्यावर बसलेलं आणि मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली दुकानातली कात्रीही कुठे सापडेना.

दाजींनी शेवटी मेहुण्याला फोन लावला.

"माझ्या लॅपटॉपची इमेज कालच काढलीय, दाजी. लिंक पाठवतो," तो खोकत म्हणाला. "मेमरी कार्डावर चढवा, कार्ड लावलं की मशीन सुरू."

"आजारपणातही डोकं चालतंय रे तुझं!"

"शिकवलं कुणी?"

दाजींची छाती फुगली. पोटच्या पोरासारखं शिकवलं होतं त्याला. पहिल्याच दिवशी बजावलं होतं, 'इमेज म्हणजे हुबेहूब नक्कल. लॅपटॉपमध्ये असेल ते सगळं कार्डावर उतरतं, अगदी पडद्यावरच्या फोटोसकट.'

कार्ड तयार झालं, मशीनला लावलं आणि पडदा उजळला.

"दुसरं दुकान काढलंत, दाजी? आणि आम्हाला पत्ताच नाही!" गिऱ्हाईक म्हणालं.

पडद्यावर उद्घाटनाचा फोटो होता. 'कॉम्प्युटर दुरुस्ती' अशी नवीकोरी पाटी, तिच्याखाली मेहुण्याचं नाव, आणि दारात ठणठणीत उभा असलेला मेहुणा.


फीत कापणारी लाल मुठीची कात्री दाजींची होती, आणि हात बायकोचा.